ल्युपसच्या पेशंटला ॲडमिट व्हायची वेळ येते तेव्हा: खानदेशातल्या घरांसाठी

मी अमळनेरची. ल्युपस निघाला त्याला अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात चार वेळा ॲडमिट झाले: दोनदा जळगावला, एकदा धुळ्याला, एकदा मुंबईला. पहिल्या वेळी रात्री ताप चढला तेव्हा नवरा शेजाऱ्यांची गाडी घेऊन आला. सासूबाईंनी चादर, पाण्याची बाटली, अंगारा, सगळं आठवणीने घेतलं, आणि माझ्या गोळ्यांची पिशवी फ्रिजवर राहिली. त्या पिशवीने पुढचे दोन दिवस काय केलं ते खाली सांगतेच.

ज्यांच्या घरात हा आजार नुकताच निघालाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर, त्वचेवर, किडनीवर, रक्तावर उलटते. दहा पेशंटमागे नऊ बायका असतात, तेही बहुतेक ऐन संसाराच्या वयात. संधिवात, स्क्लेरोडर्मा किंवा अशाच दुसऱ्या आजारासाठी स्टेरॉईड आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील तर यातलं बरंचसं तुम्हालाही लागू पडेल. गोळीचा डोस मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील, मी नाही.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. आपण ॲडमिट होतो ते मुख्यतः दोन कारणांनी. एक तर आजार भडकतो, नाहीतर इन्फेक्शन होतं. दोन्हीत ताप, दोन्हीत अशक्तपणा, दोन्हीत रक्ताचे रिपोर्ट बिघडलेले. पण आजार भडकला तर प्रतिकारशक्ती आणखी दाबायची असते, आणि इन्फेक्शन असेल तर तेच अंगाशी येतं. डॉक्टरांची खरी परीक्षा इथे असते, आणि त्यांना लागणारी निम्मी माहिती तुमच्या घरात पडलेली असते.

१. पिशवी आजच भरा

ताप आल्यावर कागद शोधत बसू नका. आमची पिशवी दारामागच्या खुंटीला टांगलेली असते आणि ती कशाची आहे हे घरातल्या लहान पोरालाही माहीत आहे. त्यात हे ठेवा:

- एका पानावर मोठ्या अक्षरात: आजाराचं नाव, कुठल्या साली निघाला, किडनी, फुप्फुस किंवा मेंदूला काही झालंय का, रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी.
- चालू गोळ्यांची यादी, मिलिग्रॅम आणि वेळेसह. डोस बदलला की जुना खोडून तारीख टाका.
- मागची सगळी डिस्चार्ज कार्डं.
- एएनए, डीएस-डीएनए, सी३, सी४ (ल्युपस ओळखायच्या आणि भडकलाय का ते बघायच्या रक्ताच्या टेस्ट) आणि अँटिफॉस्फोलिपिड (रक्तात गुठळी होऊ शकते का ते सांगणारी टेस्ट) यांचे रिपोर्ट. किडनीची बायोप्सी (सुईने बारीक तुकडा काढून तपासणं) झाली असेल तर तिचाही.
- तब्येत बरी असतानाचे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते सांगणारा आकडा) आणि लघवीतल्या प्रोटीनचे आकडे.
- आधार कार्ड, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड किंवा विमा पॉलिसीची प्रत. दोन-दोन झेरॉक्स.
- आठ दिवसांच्या गोळ्या, पाकिटासकट. सुट्या गोळ्या डबीत टाकल्या की सिस्टरला ओळखता येत नाहीत.

बऱ्या दिवसांतले आकडे लोक हमखास विसरतात. माझं क्रिएटिनिन एरवी ०.७ असतं. धुळ्याला ते १.२ आलं, तेव्हा ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, "थोडंसंच वर आहे." जुना रिपोर्ट पुढे ठेवला तेव्हा त्यांनी लगेच किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला.

सगळ्या कागदांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये असू द्या. पावसाळ्यात पिशवी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, हे मी शिकून सांगतेय.

२. कधी वाट पाहायची नाही

आपल्याकडे पहिले दोन दिवस 'बसेल ताप' म्हणून जातात, तिसऱ्या दिवशी गावातल्या दवाखान्यात सुई. आपल्या बाबतीत असं करून चालत नाही. खालीलपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा, रात्र असली तर रात्रीच:

- १००.४ किंवा त्याहून जास्त ताप. स्टेरॉईडवर असताना ताप दबून राहतो, त्यामुळे थंडी वाजतेय आणि थर्मामीटर ९९.५ दाखवतोय, तरी हलकं घेऊ नका.
- दम लागणं, छातीत दुखणं.
- लघवीला साबणासारखा फेस, लघवी कमी होणं, चेहऱ्यावर किंवा पायावर सूज.
- झटका येणं, बडबड, ओळख न पटणं, कधी नव्हे एवढं डोकं दुखणं.
- एकाच पायाला सूज आणि दुखणं. अँटिफॉस्फोलिपिड पॉझिटिव्ह असेल तर रक्ताची गुठळी असू शकते.
- उलट्यांमुळे स्टेरॉईडची गोळी पोटात टिकत नसणं.

अंग दुखतंय म्हणून वाटेत 'डायक्लो'चं इंजेक्शन घेऊ नका. किडनीला आधीच त्रास असेल तर असली वेदनाशामकं तिला आणखी खड्ड्यात घालतात. सल्फाच्या अँटिबायोटिकनेही ल्युपस भडकू शकतो, म्हणून ते लिहून देणाऱ्याला आजाराचं नाव सांगाच.

पावसाळ्यात एक वेगळा घोळ होतो. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, ल्युपसमध्येही उतरतात. सप्टेंबरात प्लेटलेट ४० हजार आले की सगळे डेंग्यूच धरून चालतात. डेंग्यूची टेस्ट कराच, पण "सी३, सी४ पण बघायचे का?" एवढं विचारायला लाजू नका.

३. कुठे जायचं

या आजाराचे खास डॉक्टर, म्हणजे र्‍हुमॅटॉलॉजिस्ट, आपल्याकडे थोडे. आमच्यासारखे बरेच जण मुंबई, पुणे किंवा नाशिकच्या डॉक्टरांकडे दाखवतात. नंदुरबार, नवापूरकडच्यांना सुरत जवळ पडतं. पण अर्ध्या रात्री मुंबई गाठता येत नाही. जळगावहून रेल्वेने मुंबई सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तापात बीपी उतरलेल्या माणसाला घेऊन तेवढं अंतर जाणं म्हणजे जुगार आहे.

म्हणून आधी जवळच्या, आयसीयू असलेल्या हॉस्पिटलमध्ये जा, आणि तिथून तुमच्या डॉक्टरांना फोन लावा. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुनं. जळगावचं २०१८ला आणि नंदुरबारचं २०२०ला सुरू झालं. खासगीत जायचं असेल तर बरं असतानाच दोन ठिकाणं हेरून ठेवा. तीन गोष्टी विचारा: एमडी मेडिसिनचे डॉक्टर रात्री येतात का, किडनीचे डॉक्टर आहेत का, डायलिसिस आहे का. वेटिंग रूमच्या टाइल्स कितीही चकचकीत असल्या तरी त्यांचा इथे काही उपयोग नाही.

गाडी नसेल तर १०८.

४. कॅज्युअल्टीतली पहिली दहा मिनिटं

इथे बोलायला घरातला एकच माणूस ठेवा. आमच्याकडे दीर, नवरा, मामेसासरे असे तिघेही तीन कहाण्या सांगत होते. एकाने "हिला वाताचा त्रास आहे" म्हटलं, आणि केस पेपरवर तेवढंच आलं.

सगळ्यात आधी सांगायचं वाक्य हे: "हिला ल्युपस आहे, रोज इतके मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन चालू आहे, शिवाय प्रतिकारशक्ती दाबणारी ही गोळी आहे, आणि शेवटचा डोस अमुक वाजता घेतलाय." (प्रेडनिसोलोन म्हणजे आपली स्टेरॉईडची गोळी.) मग कागद पुढे करा.

दुसरं, अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन देण्याआधी रक्ताचं कल्चर (रक्तात कुठला जंतू आहे ते शोधायची टेस्ट) घेता येईल का, ते नम्रपणे विचारा. इंजेक्शननंतर घेतलं तर जंतू सापडायची शक्यता कमी होते. लघवीचा नमुनाही तेव्हाच द्या. अर्थात पेशंट फारच खालावलेला असेल तर उपचार आधी, नमुने नंतर.

ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह मोजणाऱ्या रक्ताच्या टेस्ट) दोन्ही सांगितले तर पैसे वाया जातायत असं समजू नका. नुसता ल्युपस भडकला असेल तर ईएसआर बराच वाढतो आणि सीआरपी बऱ्याचदा फार वाढत नाही. इन्फेक्शनमध्ये सीआरपी उसळतो. पक्का नियम नाही, पण डॉक्टरांना दिशा मिळते. एएनए मात्र पुन्हा करायला सांगितलं तर जुना रिपोर्ट दाखवा. एकदा पॉझिटिव्ह आलेलं एएनए दर वेळी करून काही नवीन कळत नाही.

५. वॉर्डात गोळ्यांवर डोळा ठेवा

आता फ्रिजवरच्या पिशवीची गोष्ट. ॲडमिट झाले तेव्हा माझं प्रेडनिसोलोन रोज १५ मिलिग्रॅम होतं, सात महिन्यांपासून. केस पेपरवर ते आलं नाही, चार्टवर आलं नाही, कुणी दिलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी उलट्या, चक्कर, बीपी ८०. अशक्तपणा म्हणून सलाईनवर सलाईन चालू. रात्रपाळीच्या एका पोरसवदा डॉक्टरने नवऱ्याला सहज विचारलं, "घरी कुठल्या गोळ्या घेतात?" नवरा म्हणाला, "ती एक बारकी गोळी असते, सकाळी नाश्त्यानंतर." त्या डॉक्टरने नाव काढून घेतलं, हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉईडचं इंजेक्शन दिलं, आणि सकाळपर्यंत मी उठून बसले होते. हॉस्पिटलची चूक होती, आमचीही होती.

कारण समजून घ्या. स्टेरॉईड रोज बाहेरून मिळू लागलं की किडनीच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं बनवणं कमी करतात. काही आठवड्यांहून जास्त चालू असलेली गोळी एकदम थांबली तर शरीराकडे काहीच उरत नाही. उलट ताप, ऑपरेशन अशा वेळी गरज वाढते. म्हणून रोज सकाळी राउंडला विचारा, "स्टेरॉईड आज कशातून जातंय, गोळी की इंजेक्शन?" उपवास असो, उलटी असो, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेलं असो, उत्तर 'कशातूनच नाही' असं येता कामा नये. नवरात्रात उपवास म्हणून गोळ्या बंद करणाऱ्या बाया मी पाहिल्यात. उपवास सोडा, गोळी सोडू नका.

दुसरा सापळा मेथोट्रेक्सेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीचा. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चार्टवर चुकून 'रोज' लिहिली गेली तर जिवावर बेतू शकतं, रक्तच बनेनासं होतं. ही गोळी चालू असेल तर यादीत वार लिहा, 'फक्त रविवारी', लाल पेनाने. आणि इन्फेक्शन असताना ती चालू ठेवायची की थांबवायची, हेही डॉक्टरांना आपणहून विचारा. अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट या तशाच दुसऱ्या गोळ्यांबद्दलही तसंच. एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) बहुतेक वेळा चालूच ठेवतात.

तिसरं थोडं लाजेचं. ल्युपस किंवा अँटिफॉस्फोलिपिड असलेल्यांची व्हीडीआरएल ही गुप्तरोगाची टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. ऑपरेशन किंवा बाळंतपणाआधी ती करतात, आणि रिपोर्ट नातेवाईकांच्या हातात पडला की घरात नको ते सुरू होतं. माझ्या ओळखीच्या एकीचा नवरा चार दिवस बोलला नाही. अशा वेळी खात्रीची दुसरी टेस्ट, टीपीएचए, करून घ्या म्हणजे विषय मिटतो.

६. मोठे उपचार: पल्स आणि बायोप्सी

आजार भडकला असेल तर मिथाइलप्रेडनिसोलोनचे 'पल्स' (स्टेरॉईडचे मोठे डोस) देतात, सलाईनमधून, साधारण तीन दिवस. त्या दिवसांत शुगर आणि बीपी चढतं, झोप उडते, तोंड कडू पडतं. मी रात्री दोन वाजता सिस्टरला लोणच्याची रेसिपी सांगत बसले होते, एवढी टक्क जागी. मन फारच सैरभैर झालं तर मात्र डॉक्टरांना सांगा, तोही औषधाचा परिणाम असू शकतो.

सायक्लोफॉस्फमाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं जोरदार औषध सांगितलं तर पाणी भरपूर प्यायचं की मोजून, ते विचारा, कारण लघवीच्या पिशवीला त्याचा त्रास होतो, पण किडनी सुजलेल्याला पाणीही बेताचंच चालतं. लग्न व्हायचंय किंवा मूल हवंय अशा मुलींनी हे औषध सुरू होण्याआधीच पाळीबद्दल आणि पुढे मूल होण्याबद्दल बोलून घ्यावं. आई-वडील हा विषय काढत नाहीत, डॉक्टर घाईत असतात, आणि मुलगी गप्प बसते.

किडनीच्या बायोप्सीला घाबरू नका. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. नंतर काही तास पाठीवर पडून राहावं लागतं. डिस्चार्जला रिपोर्टबरोबर स्लाइड आणि ब्लॉक (काढलेल्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने) मागून घ्या. मुंबईचे डॉक्टर ते पुन्हा तपासायला मागतात, आणि तेव्हा लॅबमध्ये शोधाशोध करत फिरावं लागतं.

७. डबा, केळी आणि भेटायला येणारे

घरचा डबा मनाला बरा, पण किडनीला सूज असेल तर आपला डबा मिठाचा डोंगर असतो. पापड, बिबडे, लोणचं, ठेचा, शेवभाजी, सगळं बंद. वरण-बट्टीचं वरण अळणी मागवा. पहिले दोन दिवस शिव्या द्याल, तिसऱ्या दिवशी सवय होते.

केळ्यांचं सांगायलाच हवं. आपण जळगाव जिल्ह्यातले, रावेर-यावलकडचा माणूस भेटायला येतो तो केळ्यांची फणी घेऊनच. माझ्या कॉटखाली एकदा तीन फण्या होत्या. किडनी नीट काम करत नसेल तर रक्तातलं पोटॅशियम चढतं, आणि केळं, नारळपाणी, संत्र्याचा रस यांत पोटॅशियम भरपूर. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. 'फळ आहे, ताकद येईल' या नावाखाली खाऊ नका. पोटॅशियमचा रिपोर्ट बघून डॉक्टर 'हो' म्हणाले तरच खा. फण्या मावशींना आणि वॉर्डबॉयना वाटून टाका, ते खूश होतात आणि पाणी वेळेवर मिळतं.

भेटायला येणाऱ्यांना आवरणं हे खरं अवघड काम. श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी सगळी भाऊबंदकी गावात जमली होती आणि मी जळगावला ॲडमिट. एकामागून एक, "कसं शे व माय आते?" कुणी खोकतंय, कुणाच्या कडेवर नाक वाहणारं पोर. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला हे परवडत नाही. मी स्वतः नाही म्हणू शकले नाही. शेवटी सासूबाईच दाराशी स्टूल टाकून बसल्या आणि डॉक्टरांच्या नावावर सगळ्यांना परत पाठवत राहिल्या. हे काम घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडेच द्या, त्याच्यावर कुणी रुसत नाही.

कॉट खिडकीपासून दूर मागा. एप्रिल-मेमध्ये भुसावळ, जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो, आणि ऊन लागून आजार भडकणाऱ्यांना दुपारची तिरीपही नको असते.

८. पैशांचं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: २०१२ला ही 'जीवनदायी' नावाने पहिल्या ८ जिल्ह्यांत आली त्यात धुळे होतं, म्हणून तिकडे अजून जीवनदायीच म्हणतात. आता आयुष्मानबरोबर मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे आणि ॲडमिट असलं पाहिजे, ओपीडीच्या गोळ्या यात बसत नाहीत. दाराशी आरोग्यमित्राचं (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं) टेबल असतं. पहिल्याच दिवशी, डिपॉझिट भरण्याआधी, रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथे जा. मंजुरी आजाराच्या नावावर मिळत नाही, उपचाराच्या पॅकेजवर मिळते. त्यामुळे "ल्युपस यादीत नाही" म्हणून कुणी परत पाठवलं तर "मग किडनीचं किंवा इन्फेक्शनचं पॅकेज बसतं का?" असं विचारा. रेशन कार्डावर सुनेचं नाव चढवलेलंच नाही, असं निम्म्या घरांत निघतं. ते आजच बघा. हेल्पलाईन १५५३८८.

ट्रस्टची हॉस्पिटल्स: धर्मादाय हॉस्पिटलमध्ये १० टक्के खाटा निर्धन पेशंटना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. मुंबई-पुण्याला जाण्याआधी तो काढून ठेवा, आणि तिथे गेल्यावर समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा, बिलिंगच्या काउंटरला नाही.

खासगी विमा: ठरवून ॲडमिट होत असाल तर दोन-तीन दिवस आधी कळवा, अचानक असेल तर २४ तासांत. इथला सापळा केस पेपरवरचा आहे. डॉक्टर विचारतात, "किती दिवसांपासून त्रास आहे?" आणि आपण सहज म्हणतो, "होते, सात-आठ वर्षांपासून अंगदुखी." ते जसंच्या तसं लिहिलं जातं, आणि विमा कंपनी म्हणते आजार लपवला. खोटं सांगू नका, पण आजार कुठल्या तारखेला निघाला ती तारीख रिपोर्ट दाखवून सांगा. पॉलिसी घेताना मात्र काही लपवलं असेल तर क्लेमच्या वेळी ते बाहेर येतंच.

९. डिस्चार्जच्या दिवशी

बिलाच्या गडबडीत डिस्चार्ज कार्ड कुणी वाचत नाही. खुर्ची घेऊन बसा आणि वाचा. स्टेरॉईड किती दिवसांनी किती कमी करायचं, हे तारखांसकट लिहिलेलं हवं. नुसतं 'टेपर' (हळूहळू कमी करा) लिहिलं असेल तर परत पाठवा. आधीच्या कुठल्या गोळ्या बंद आणि कुठल्या चालू, तेही. कल्चरचा किंवा बायोप्सीचा रिपोर्ट यायचा असेल तर कुणाला फोन करायचा, त्याचं नाव आणि नंबर कार्डाच्या मागे लिहून घ्या. लसीचंही तेव्हाच विचारा: न्यूमोनिया आणि फ्लूची लस घ्यायची का आणि कधी. जिवंत विषाणूंच्या लसी या औषधांवर चालत नाहीत.

मुंबईहून येत असाल तर रात्रीची गाडी, खालची बर्थ. दिवसाच्या गाडीत नाशिकनंतर खिडकीतून जे ऊन येतं ते ओढणीने थांबत नाही.

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी सीबीसी, क्रिएटिनिन आणि लघवी गावातल्याच लॅबमध्ये करून घ्या. लघवी सकाळची पहिली द्या, आणि पाळी चालू असेल तर चार दिवस थांबा, नाहीतर रक्त दिसतं आणि विनाकारण सगळे घाबरतात. रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना पाठवा, कागद पिशवीत घाला, आणि संपलेल्या गोळ्या भरून पिशवी परत खुंटीला लावा.